मदत हवी आहे: २ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क, एक पार्टिशन 'रॉ', दुसरं गायब

धागाकर्ता:
नमस्कार. दादरमधल्या एका डीटीपी सेंटरची अडीच इंची डिस्क आहे, फक्त यूएसबीवर चालणारी. कॉपी चालू असताना वीज गेली आणि डेस्कटॉप बंद पडला. आता विंडोज १० च्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पहिलं पार्टिशन (एनटीएफएस, साधारण १.२ टीबी) 'रॉ', म्हणजे आतली रचना ओळखता न आलेलं, दिसतं. दुसऱ्याच्या जागी हिरव्या चौकटीत 'फ्री स्पेस' येतं. उघडायला गेलं की फॉरमॅट करायला सांगतं, ते केलेलं नाही. टकटक आवाज नाही. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा इशारा देतं: ०५ (बदललेले सेक्टर) समोर शून्य, सी५ (न वाचता येणारे 'पेंडिंग' सेक्टर) समोर शेवटी ३०.

आत लग्नपत्रिका, अहवाल, फ्लेक्स यांच्या कोरलड्रॉ फाइली (मजकूर श्रीलिपी या मराठी फाँटमधला) आणि फोटो आहेत. दुसरीकडे ७०० जीबी जागा मोकळी आहे. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) चालवावं का? टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशनं शोधणारं साधन) थेट याच डिस्कवर चालेल का? की सरळ लॅमिंग्टन रोडचा संगणक बाजार गाठावा?

सेक्टरशून्य:
चेकडिस्क नको. 'रॉ' पार्टिशनवर ते चालतही नाही. धोका पुढे आहे: बूट सेक्टर (पार्टिशनच्या सुरुवातीचा, त्याची रचना सांगणारा सेक्टर) दुरुस्त झाला की विंडोज स्वतःहून 'तपासू का' विचारतं. तेव्हा होकार दिलात तर चेकडिस्क अर्धवट नोंदी पुसून टाकतं, आणि फाइली फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके एक्स्टेन्शनच्या होऊन पडतात, मूळ नावं जातात. मूळ डिस्कवर यापुढे एक बाइटही लिहिला जाऊ नये, एवढं पाळलंत तर बाकी सगळ्याला वाव आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे हेक्समध्ये दाखवतं, म्हणजे तुमचे ३० म्हणजे ४८ सेक्टर वाचता येत नाहीत. लिहिताना वीज गेली की सेक्टर अर्धवट लिहिला जातो, त्याचा ईसीसी (चूक पकडणारा कोड) जुळत नाही आणि तो 'पेंडिंग'मध्ये जातो. पृष्ठभाग शाबूत असूनही असं होतं. पण खरंच तसं आहे की हेड कमजोर झालंय, हे आधी कळायला मार्ग नाही. त्यामुळे टेस्टडिस्क इथे थेट नको. आधी पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत एका फाइलीत.

७०० जीबी पुरणार नाहीत. दुसरी २ टीबीची डिस्कही चालणार नाही, कारण इमेज मूळ डिस्कच्या पूर्ण आकाराची होते आणि नव्या डिस्कवर फाइलसिस्टिमच थोडी जागा खाते. ४ टीबीची घ्या, म्हणजे सोडवलेल्या फाइलीही तिथेच मावतील. ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही.

सिस्टमरेस्क्यू ही लिनक्स सिस्टिम पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून लॅपटॉप सुरू करा. इमेज घेणारं डीडीरेस्क्यू आणि टेस्टडिस्क दोन्ही त्यात असतात, आणि डिस्क आपोआप माउंट होत (वापरासाठी उघडली जात) नाही. मॉडेल आणि आकार पाहून कोणती डिस्क कोणती हे पक्कं करा. डीडीरेस्क्यूच्या आदेशाचा क्रम असा: आधी खराब डिस्क, मग इमेज फाइल, मग मॅप फाइल (कुठला भाग वाचून झाला याची नोंद). पहिल्या फेरीत 'हायफन एन' द्या, म्हणजे तो खराब जागा खरवडत न बसता चांगला भाग आधी उचलेल. 'हायफन एफ' अजिबात देऊ नका. क्रम चुकून उलटला तरी त्याशिवाय तो प्रत्यक्ष डिस्कवर लिहीत नाही. दुसऱ्या फेरीत तीच मॅप फाइल देऊन 'हायफन डी, हायफन आर३'.

मॅप फाइल ४ टीबीच्याच डिस्कवर ठेवा. पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टिम रॅममध्ये असते, वीज गेली की तिथला मॅप गेलाच. मॅप शाबूत असेल तर काम थांबल्या जागेवरून सुरू होतं. दोन्ही डिस्क लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टला थेट लावा. स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या हबवर अडीच इंची डिस्कची जोडणी मधेच तुटते. सेकंदाला १०० एमबी मिळाले तर साडेपाच तास लागतील. यूएसबी २ वर सोळा तास धरा.

वेग वारंवार शून्यावर आला किंवा टकटक सुरू झाली तर तिथेच बंद करा.

कळफलक:
एक भर. वेग वाढवायला डिस्क डब्यातून काढून थेट साटावर (संगणकाच्या आतल्या डिस्क पोर्टवर) लावू नका. काही डब्यांचा सर्किट बोर्ड डेटा स्वतः एन्क्रिप्ट करतो, बाहेर काढल्यावर नुसता कचरा वाचला जातो. काही डबे ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात, मग पार्टिशन टेबलाचा हिशेबच चुकतो.

आणि 'अनअलोकेटेड' न दिसता 'फ्री स्पेस' दिसतंय, ही कामाची खूण आहे. डिस्क एमबीआर (जुन्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलाची) आहे आणि दुसरं पार्टिशन 'एक्स्टेंडेड' या बाहेरच्या पार्टिशनच्या आतलं 'लॉजिकल' होतं. त्याची नोंद डिस्कच्या सेक्टर शून्यात नसते, एक्स्टेंडेडच्या पहिल्या सेक्टरमध्ये असते. तो एक सेक्टर गेला तरी पार्टिशन नाहीसं झाल्यासारखं दिसतं, आतल्या फाइली जागेवरच असतात. टेस्टडिस्कमध्ये प्रकार 'इंटेल' निवडा.

धागाकर्ता:
इमेज झाली, १ एमबीहून कमी भाग वाचता आला नाही. इमेजवर टेस्टडिस्कच्या क्विक सर्चमध्ये दुसरं पार्टिशन सापडलं, 'पी' दाबल्यावर फाइली दिसतात. पहिल्याचा बूट सेक्टर 'बॅड', बॅकअप 'ओके' आहे. आता 'राइट' करायचं का?

सेक्टरशून्य:
दुसऱ्यासाठी 'राइट' कशाला? त्याच यादीत 'ए' ने सगळं निवडा, मोठ्या 'सी' ने बाहेर कॉपी करा. टेबल दुरुस्त करायची गरज नाही.

पहिल्यासाठी ॲडव्हान्स्ड, मग बूट, मग 'बॅकअप बीएस'. एनटीएफएस बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं, ती पुढे आणली जाईल. हे इमेजमध्ये लिहिणं असलं तरी बिघडलं तर मॅपसकट इमेज पुन्हा घ्यावी लागेल, म्हणून आधी दुसऱ्याच्या फाइली हलवा. नंतर एखादं फोल्डर रिकामं दिसलं तर घाबरू नका. फोल्डरची अनुक्रमणिका खराब सेक्टरमध्ये गेलेली असते, पण एमएफटीत (एनटीएफएसच्या फाइलींच्या मुख्य यादीत) प्रत्येक फाइलच्या १ केबीच्या नोंदीत तिचं नाव आणि वरच्या फोल्डरचा क्रमांक असतो. डीएमडीई हे साधन संपूर्ण एमएफटी चाळून फोल्डरांचं झाड पुन्हा बांधतं. मोफत आवृत्तीत एका वेळच्या फाइलींवर मर्यादा आहे, फोल्डरवार काढा.

फोटोरेक सगळ्यात शेवटी. ते फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधतं, त्यामुळे नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, आणि तुकड्यांत विखुरलेली मोठी फाइल तुटकी येते.

कळफलक:
फोटोरेकची वेळ आलीच तर श्रीलिपीचं लक्षात घ्या. त्या फाइलींत मजकूर युनिकोड नसतो, मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. विंडोजच्या शोधात 'सत्यनारायण' टाइप करून काही सापडणार नाही. श्रीलिपीत तो शब्द टाइप करा आणि साध्या फाँटमध्ये जी अगम्य अक्षरं दिसतील ती शोधा. कोरलड्रॉ एक्स४ पासूनच्या फाइली आतून झिप असतात, त्या झिप म्हणून बाहेर येऊ शकतात. एक्स्टेन्शन सीडीआर करून उघडा.

लॅमिंग्टन रोडला आता जायचं कारण नाही. टकटक असती तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा क्लीन रूम (डिस्क उघडायची धूळमुक्त खोली) आहे का, फाइलींची यादी दाखवल्यावरच पैसे का, हे विचारून, डिस्कचा सीरियल नंबर पावतीवर लिहून घेऊनच द्यावी. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मुंबईच्या दमट हवेत बाहेर काढताच प्लॅटरवर पाणी धरतं.

सेक्टरशून्य:
फाइली उघडून तपासल्यावर, त्यांची दुसरी प्रत झाल्यावरच जुनी डिस्क हाताळा. 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा आणि स्मार्टचे, म्हणजे क्रिस्टलडिस्कइन्फोतले, आकडे पुन्हा बघा. सी५ शून्यावर आला आणि ०५ शून्यच राहिला, तर दोष विजेचा होता. ०५ वाढला तर ती डिस्क कामातून काढा.