आठवड्याचं इंजेक्शन रविवारी राहून गेलं, आता काय करू?

प्रश्न (आईची_लेक): आईला शुगरसाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं पेन सुरू केलंय, दर रविवारी सकाळी. या रविवारी ते राहूनच गेलं आणि आज गुरुवारी सकाळी लक्षात आलं. आत्ता देऊ का रविवारी दोन डोस एकदम देऊ? डॉक्टर संध्याकाळी भेटणार, तोवर जीवाला घोर लागलाय.

निळाआकाश: दोन एकदम अजिबात देऊ नका ताई!! उलट्या होऊन हाल होतील. पण औषध कोणतं ते सांगा, कारण प्रत्येकाचा नियम वेगळा आहे. सेमाग्लुटाइड असेल तर ठरल्या वेळेपासून ५ दिवसांपर्यंत देता येतं, टिर्झेपॅटाइडला ४ दिवस म्हणजे ९६ तास, आणि ड्युलाग्लुटाइडला उलटं मोजायचं, पुढच्या डोसला निदान ३ दिवस बाकी हवेत. मुदत टळली असेल तर तो डोस सोडून द्यायचा आणि पुढचा नेहमीच्या वारी.

आईची_लेक: सेमाग्लुटाइड आहे. ०.२५ मिलिग्रॅमचे चार आठवडे झाले, रविवारी ०.५ चा पहिलाच होता.

निळाआकाश: मग उद्या सकाळपर्यंत मुदत आहे, संध्याकाळी डॉक्टरांना विचारून दिलंत तरी चालेल. पुढचा रविवारीच देता येईल, दोन डोसमध्ये ४८ तासांहून जास्त अंतर पडतंय ना. फक्त ०.५ पहिल्यांदाच असल्यामुळे आणि दोन डोस जवळजवळ येणार म्हणून मळमळीचं विचारा, मला वाटतं वार गुरुवार करून टाकणं सोपं जाईल.

साधामाणूस: वरचं बरोबर आहे, हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो म्हणून चार दिवसांनी एकदम शुगर उसळेल असं नाही, तरी मीटरवर बघत राहा. आई सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर कमी करायची गोळी) घेतात का? घेत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यात शुगर खाली जायची भीती असते. आणि एक, रोज घ्यायच्या लिराग्लुटाइड इंजेक्शनचे नियम कुणी सांगितले तर ते इथे लावू नका, त्यात तीन दिवसांहून जास्त खंड पडला की परत ०.६ पासून चढवत न्यावं लागतं.

आईची_लेक: इन्सुलिन नाही, पण ग्लिमेपिराइड आहे! बरं झालं विचारलंत, हे मी सांगितलंच नसतं. संध्याकाळी पेन आणि गोळ्यांची पाकिटं दोन्ही घेऊनच जाते.