मदत हवी आहे: मोबाइलवरून पतसंस्थेची प्रणाली वापरताना जोडणी बरोबर एका तासाने तुटते

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात एका ग्रामीण पतसंस्थेचा संगणक विभाग मी सांभाळतो. विभाग म्हणजे मी एकटाच. आमच्या कर्जांची आणि ठेवींची खतावणी जुन्या धाटणीच्या विंडोज प्रणालीत आहे. ती ब्राउझरमध्ये चालत नाही आणि तिच्या मोबाइल आवृत्तीसाठी विक्रेत्याने सांगितलेली रक्कम संचालक मंडळाला परवडणारी नाही.

वसुली अधिकाऱ्यांना गावोगावी फिरताना सभासदाचे कर्जखाते, थकीत हप्ते आणि जामीनदारांची नावे जागेवरच पाहता यावीत, एवढीच आमची गरज आहे. त्यासाठी मी विंडोज सर्व्हर २०२२ वर रिमोट डेस्कटॉप सेवा सुरू केली. प्रणाली सर्व्हरवरच चालते, अधिकाऱ्याच्या अँड्रॉइड मोबाइलवर केवळ पडद्याचे चित्र येते आणि त्याने दाबलेली बटणे व केलेले स्पर्श परत जातात. त्यामुळे मोबाइल हरवला तरी सभासदांची माहिती त्यात राहत नाही. आमच्या नोंदी युनिकोडपूर्व (युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या आधीच्या) मराठी फाँटमध्ये आहेत आणि तो फाँट प्रत्येक मोबाइलवर कसा बसवायचा, ही माझी मोठी धास्ती होती, पण अक्षरे चित्ररूपानेच येत असल्याने तो प्रश्न उद्भवलाच नाही.

पहिले चार महिने सर्व सुरळीत चालले. आता मात्र जोडणी झाल्यावर परवान्याविषयी इंग्रजी सूचना दिसते आणि बरोबर ६० मिनिटांनी जोडणी तुटते. विक्रेता डोंगराळ भागातील नेटवर्कला दोष देतो, परंतु कार्यालयातील वायफायवर बसूनही हेच घडते, तेव्हा हे कारण मला पटत नाही. आमच्याकडे डोमेन (सर्व संगणक व खाती एका ठिकाणाहून सांभाळण्याची व्यवस्था) नाही, सर्व्हर वर्कग्रुपमध्येच, म्हणजे अशा व्यवस्थेविना, आहे आणि दहा वापरकर्त्यांसाठी प्रतिवापरकर्ता (प्रत्येक माणसामागे एक) परवाने रीतसर विकत घेतले आहेत.

याखेरीज दोन शंका आहेत. सभासदाचे नाव शोधताना मोबाइलच्या मराठी कळफलकावरून टंकलेले प्रणालीत चौकोन किंवा प्रश्नचिन्हे होऊन उमटते. तसेच बाहेरून जोडणीसाठी राउटरवर ३३८९ हा पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचे नेटवर्कवरील दार) मी थेट उघडा ठेवला आहे, तो तसाच ठेवावा का? सर्व्हरच्या सुरक्षा नोंदींत रोज अनोळखी पत्त्यांवरून लॉगिनचे शेकडो फसलेले प्रयत्न दिसतात.

प्रतिसाद १

दोष नेटवर्कचा नाही, परवान्याच्या प्रकाराचा आहे. रिमोट डेस्कटॉप सेवा बसवल्यावर परवान्यांशिवाय १२० दिवसांची सवलत मिळते. आपले सुरळीत गेलेले चार महिने तेच. प्रतिवापरकर्ता परवाने ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील (डोमेनच्या मध्यवर्ती यादीतील) खात्यांवर मोजले जातात, आणि डोमेनच नसल्यामुळे सर्व्हर प्रत्येक जोडणी तासाभराने तोडतो. एकतर डोमेन उभारावे किंवा परवाने प्रतिउपकरण (प्रत्येक यंत्रामागे एक) प्रकारात बदलून घ्यावेत. परवाना व्यवस्थापकात तशी सोय आहे, आणि बदल केल्यावर सर्व्हरच्या धोरणात परवान्याची पद्धतही बदलावी लागेल. मात्र प्रतिउपकरण पद्धतीत एकाच अधिकाऱ्याचा मोबाइल आणि टॅबलेट हे दोन परवाने धरले जातात, हे मोजणीत घ्यावे.

३३८९ आजच बंद करा. पोर्टचा क्रमांक बदलून फारसे काही साधत नाही, कारण शोधणारी यंत्रे सर्वच पोर्ट चाळतात. रिमोट डेस्कटॉप गेटवे ४४३ या पोर्टवरून कूटबद्ध मार्ग देतो, पण एकट्या माणसाला वायरगार्ड हे व्हीपीएन (मोबाइल ते कार्यालय असा खासगी कूटबद्ध बोगदा) सोपे पडेल: अनोळखी विनंतीला ते उत्तरच देत नाही आणि मोबाइल वायफायवरून डेटावर गेला तरी बोगदा टिकून राहतो. सोबत क्लिपबोर्ड आणि ड्राइव्ह यांचे पुनर्निर्देशन (मोबाइल व सर्व्हर यांत मजकूर आणि फायलींची देवाणघेवाण) सर्व्हरच्या धोरणातूनच बंद ठेवा, अन्यथा खतावणी मोबाइलवर उतरवून घेणे शक्य राहते.

प्रतिसाद २

टंकलेखनाविषयी सांगतो. आपली प्रणाली इंग्रजी कळींमागे जुन्या फाँटची चित्रे दाखवते, आणि मोबाइलचा मराठी कळफलक युनिकोड अक्षरे पाठवतो, म्हणून चौकोन उमटतात. मोबाइलवर इंग्रजी कळफलक ठेवून कार्यालयातील कर्मचारी ज्या कळी दाबतात त्याच दाबाव्या लागतील. खरे तर शोध सभासद क्रमांकानेच घ्यावा. रस्त्यात उभे राहून कोणी नाव टंकत नाही. एफ२, एफ५ यांसारख्या कळी ॲपच्या अतिरिक्त कळफलकावर मिळतात.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. परवाने प्रतिउपकरण करून घेतले आणि काल पावणेतीन तास जोडणी अखंड राहिली. वायरगार्डही बसवले आणि राउटरवरील जुना पोर्ट बंद केला. आता एकच अडचण उरली आहे: कोयनेच्या बाजूला रेंज गेली की अधिकाऱ्याचे सत्र सर्व्हरवर तसेच जिवंत राहते, उघडलेले खाते कुलूपबंद होते आणि काउंटरवरील लिपिकाला त्यात भरणा नोंदवता येत नाही.

प्रतिसाद १

सत्र जिवंत राहणे हा या पद्धतीचा गुणच आहे, कारण रेंज परत येताच अधिकारी सोडलेल्या पडद्यावर पोहोचतो. तरी तुटलेल्या सत्राची कालमर्यादा सर्व्हरच्या गट धोरणात (ग्रुप पॉलिसी) ठरवता येते. आपल्या कामासाठी दहा-पंधरा मिनिटे ठेवून पाहा. मर्यादा संपल्यावर सत्र जबरदस्तीने बंद होते आणि न जतन केलेली नोंद जाते, म्हणून क्षेत्रीय अधिकाऱ्यांना प्रणालीत केवळ पाहण्याचाच अधिकार देता येत असेल, तर तो आधी द्यावा.