एच.एम.जी.चं इंजेक्शन घरी घेताना आग का होते? इन्सुलिनची सिरिंज चालेल का?

प्रश्न:
आय.व्ही.एफ.साठी (टेस्ट ट्यूब बेबी) एच.एम.जी. हे अंडी वाढवणारं हार्मोन, १५० युनिट, रोज संध्याकाळी पोटावर. पावडरच्या ७५ युनिटच्या दोन व्हायल (छोट्या बाटल्या) आणि १ मि.ली. सॉल्व्हंट (विरघळवायचं पाणी) मिळतं. सुई फारशी दुखत नाही, पण औषध आत जाताना चांगलीच आग होते, नंतर गांधी उठते. इन्सुलिनच्या सिरिंजवर युनिटच्या खुणा असतात, ती सोपी पडेल का?

उत्तर १:
आधी सिरिंजचं. त्या खुणांच्या नादी लागू नका. लाल टोपणाच्या सिरिंजवरचे ४० म्हणजे १ मि.ली.; ते युनिट इन्सुलिनचे, एच.एम.जी.चे नव्हेत. तुमचे १५० म्हणजे दोन्ही व्हायल विरघळून झालेलं सगळं औषध. शिवाय तिची सुई बदलता येत नाही, आणि व्हायलच्या रबरातून गेलेली सुई बोथट होते. २ मि.ली.ची साधी सिरिंज घ्या. औषध ओढायला २१ नंबरची हिरवी सुई, टोचायला २६ नंबरची अर्धा इंची तपकिरी.

क्लिनिकनं वेगळं सांगितलं नसेल तर दोन्ही व्हायलना तेच १ मि.ली. पुरतं. पहिलीत सोडा, विरघळलं की तेच ओढून दुसरीत. धार थेट पावडरवर नको, काचेच्या कडेनं सोडा. खळखळ हलवू नका, हळूच गोल फिरवा. हलवलं की फेस येतो आणि फेसात थोडा डोस अडकून राहतो. पाणी गढूळ दिसलं किंवा कण दिसले तर वापरू नका. कालवलं की लगेच घ्यायचं, उरवून ठेवायचं नाही.

उत्तर २:
आगीचं कारण बऱ्याचदा स्पिरिट. पुसल्यावर पूर्ण वाळू द्या, फुंकर मारू नका. दुसरं म्हणजे सुईच्या बाहेर लटकलेला थेंब. हवा काढताना तो येतोच. सुईला हात किंवा कापूस न लावता सिरिंजला टिचकी मारून पाडा.

गांधी उठते म्हणजे टोक बहुधा कातडीतच राहतंय. बेंबीपासून दोन इंच सोडून चिमटीत घडी धरा आणि सुई एका दमात पूर्ण आत घाला. बिचकत घातली की जास्त दुखतं. दट्ट्या मात्र सावकाश, दहा आकडे मोजत. संपल्यावर पाच मोजून सुई काढा. चोळू नका. रोज बाजू बदला, कालच्या जागेपासून निदान एक इंच लांब. नुसता लालसरपणा चालतो. अंगभर पुरळ किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना.

प्रश्नकर्ती:
सुई काढल्यावर एखादा थेंब बाहेर आला तर?

उत्तर २:
काही नाही. अंदाजानं परत टोचू नका. बरंच सांडलं तर क्लिनिकला फोन करा.

उत्तर ३:
एक राहिलं, ताई. चिठ्ठीवर एस.सी. (कातडीखाली) लिहिलंय की आय.एम. (स्नायूत), ते पाहा. सगळी एच.एम.जी. पोटावर घ्यायची नसतात. काही फक्त स्नायूत द्यायची असतात, ती नर्सकडून घ्या. रोजच्या डोसला अर्धा तास इकडेतिकडे झाला तर फारसं बिघडत नाही. शेवटच्या ट्रिगरला (अंडी पक्व करणाऱ्या इंजेक्शनला) मात्र घड्याळ लावा, कारण अंडी काढायची वेळ त्यावरून साधारण ३४ ते ३६ तासांनी ठरते. आणि वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवून क्लिनिकमध्येच द्या, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागतात.