मदत हवी आहे: चाकं हवेत असली की गाडी पळते, जमिनीवर ठेवली की आर्डुइनो रिसेट होतो

मलप्रभाकाठ:
नमस्कार मंडळी. खानापुरात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. नदीकाठच्या ऊस-भातवाल्यांच्या तीन-पाच एचपीच्या मोटारी जळून येतात, त्या भरून देतो. स्टार्टर, कपॅसिटर, बेअरिंग यात हयात गेली. खरं सध्या टेबलावर मुठीत मावणाऱ्या दोन पिवळ्या मोटारी आहेत आणि त्यांनी मला जेरीस आणलंय.

भाची नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला पुढं काही आडवं आलं की थांबून वळणारी गाडी करायची आहे. किट ऑनलाइन मागवलं. त्यात निघालं ते असं: आर्डुइनोचा ऊनो बोर्ड, म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा संगणक (ओरिजिनल नव्हे, यूएसबीसाठी सीएच३४० चिपवाला), मोटारींना वीज पुरवणारा लाल रंगाचा एल२९८एन ड्रायव्हर, दोन पिवळ्या गिअर मोटारी, आवाजानं समोरचं अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर, तो डावीकडं-उजवीकडं फिरवायला निळा सर्व्हो, आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. सोबत मराठीत तर सोडाच, कुठल्याच भाषेत धड माहितीपत्रक नाही.

जोडणी: बॅटरी एल२९८एनच्या १२ व्होल्टच्या टर्मिनलला. त्याच्याच ५ व्होल्टच्या टर्मिनलवरून ऊनोच्या ५ व्होल्ट पिनला. ग्राउंड सगळे एकत्र. ड्रायव्हरच्या एनेबलच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या पिनांच्या) दोन्ही जंपर काढून त्या पिना ऊनोच्या ९ आणि १० नंबरला जोडल्यात, वेग कमी-जास्त करण्यासाठी. दिशेच्या चार वायरी ४, ५, ६, ७ ला. सर्व्हो ३ ला. सेन्सर ११ आणि १२ ला.

आता रोग सांगतो. लॅपटॉपची केबल लावून गाडी डब्यावर ठेवली, चाकं अधांतरी, तर सगळं झकास. केबल काढून जमिनीवर सोडली की एक झटका देते, थांबते, सर्व्हो थरथरतो, परत झटका. दुसरी नवी बॅटरी आणली, तिचंही तेच. प्रोग्राम भाचीनं तीनदा तपासला. दुसरा ऊनो मागवावा की ड्रायव्हर बदलावा? पैसे घालवण्याआधी विचारतोय.

आणखी एक. प्रोग्राममध्ये वेगाचा आकडा १२० टाका नाहीतर २०० टाका, मोटारीला त्याचं काही देणंघेणं नाही.

उद्यमबाग_दुसरी_पाळी:
काहीच बदलू नका, आधी मोजा. मीटर डीसी २० व्होल्टवर लावा. लाल-काळी बॅटरीच्या टोकांना धरा, गाडी जमिनीवर ठेवून सोडा आणि सुटतानाचा आकडा बघा. मग तेच ऊनोच्या ५ व्होल्ट पिनवर. आणि बोर्डावर एल लिहिलेला जो बारका एलईडी असतोय, त्याच्यावर नजर ठेवा. झटक्याबरोबर तो पटापट लुकलुकला तर बोर्ड नव्यानं चालू होऊलालाय असं समजा.

मलप्रभाकाठ:
मोजलं. नुसती बॅटरी ९.१. गाडी सोडली की ५.६ पर्यंत आपटते. ऊनोच्या पिनवर ५ चे ३.८ दिसतात, आणि तो एलईडी लुकलुकतो हे खरं. भाचीला ते आधीच दिसलं होतं म्हणे, तिला वाटलं प्रोग्राम चालू असल्याची खूण आहे.

उद्यमबाग_दुसरी_पाळी:
मग झालं की गा. तुमच्याच धंद्यातली गोष्ट आहे. पाच एचपीची मोटर स्टार्टरविना सुरू केली की वाडीतले बल्ब का मिणमिणतात? सुटताना ती चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते म्हणून. ही पिवळी मोटरसुद्धा तशीच. रिकामी फिरताना दीडशे-दोनशे मिलिअँपिअर. खरं थांबलेली असताना बॅक ईएमएफ (फिरणारी मोटर स्वतः तयार करते ते उलटं व्होल्टेज) नसतोय, म्हणून सुटायच्या क्षणी ती जाम झाल्यागत ओढते. सहा व्होल्टवर एकेक मोटर अँपिअरच्या घरात जाते. दोन मोटारी, वर सर्व्हो.

आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर कोण? ती चौकोनी बॅटरी. तिचा पत्रा उचकटून बघा, आत दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल ओळीनं बसवलेले असतात. मीटर, रिमोट असल्या थोडक्यात भागणाऱ्या वस्तूंसाठी ती बनलेली आहे. आतला रेझिस्टन्स जास्त, म्हणून भार आला की व्होल्टेज कोसळणारच. नवी आणली तरी जात तीच.

मीटर सावकाश असतोय, त्यामुळं ३.८ दिसले म्हणजे क्षणभर त्याच्याही खाली गेलंय. ऊनोवरच्या चिपचा ब्राउन-आउट, म्हणजे व्होल्टेज घसरलं की रिसेट घ्यायची मर्यादा, २.७ व्होल्टवर लावलेला असतोय, त्याच्याखाली ती स्वतःहून रिसेट घेते. त्याच्या आधीच, ३.८ च्या खाली, १६ मेगाहर्ट्झवर ती नीट चालेल याची कंपनी हमी देत नाही. तो सर्व्हो थरथरतोय ते त्यातूनच.

लॅपटॉपची केबल असताना बोर्डाला ५ व्होल्ट तिकडून मिळतात, आणि चाकं हवेत असताना मोटरवर भार नाही. म्हणून टेबलावर सगळं झकास. बॅटरी बदला. आणि तो एल२९८एन पण भंगारात टाका, जुन्या काळची चीज आहे. टीबी६६१२ ड्रायव्हर घ्या.

ईसी_बॅकबेंच:
काका, वेगाचा आकडा लागू होत नाही त्याचं कारण वेगळं आहे, बॅटरी बदलून ते जाणार नाही. ऊनोवर सर्व्होची लायब्ररी (तयार प्रोग्राम) वापरली की ९ आणि १० नंबरच्या पिनांवर पीडब्ल्यूएम, म्हणजे वीज झटपट चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणं, बंद पडतं. सर्व्हो त्या पिनांना जोडलेला असो वा नसो. लायब्ररी चिपमधला टायमर १ स्वतःकडे घेते आणि त्या दोन पिना त्याच टायमरवर चालतात. तुमचे दोन्ही एनेबल नेमके तिथंच आहेत.

एनेबल ५ आणि ६ ला न्या, दिशेच्या तिथल्या दोन वायरी ८ आणि ९ ला. दिशेला नुसतं हाय-लो लागतं, त्यामुळं ९ तिथं चालतो. भाचीला प्रोग्रामच्या सुरुवातीला पिनांचे आकडे बदलायला सांगा, बाकी प्रोग्रामला हात लावू नका.

आणि उद्यमबागवाल्या दादांशी एका मुद्द्यावर मी सहमत नाही. एल२९८एन जुना आहे हे खरं, आत नव्या पद्धतीचे मॉस्फेट ट्रान्झिस्टर नाहीत, जुने साधे बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत, त्यामुळं साधारण २ व्होल्ट तो स्वतःच गिळतो आणि गरम होतो. पण या गाडीला ते पथ्यावर पडतं. १८६५० मापाचे दोन लिथियम सेल ओळीनं लावले तर ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना ८.४. त्यातले २ ड्रायव्हरनं खाल्ले की मोटरला साडेपाच ते साडेसहा. ३ ते ६ व्होल्टच्या मोटरला हेच हवं. हातात असलेली वस्तू कशाला टाकायची? टीबी६६१२ बॅटरी लहान असेल तेव्हा घ्या, तिथं गिळलेले २ व्होल्ट परवडत नाहीत.

उद्यमबाग_दुसरी_पाळी:
मान्य. खरं हीटसिंकला बोट लावून बघा म्हणजे कळेल मी का चिडूलालोय.

दोन कामं अजून करा. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, वायरीच्या दुसऱ्या टोकाला नव्हे, मोटरच्याच पितळी पत्तीवर. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट तिथंच दाबायचा असतोय. पत्ती नाजूक असते, तुमच्या दुकानातलं मोठं सोल्डरिंग लावलं तर मागचं प्लॅस्टिक वितळून पत्ती आत जाईल. पंचवीस वॅटचं घ्या आणि पटकन उचला. आणि सर्व्होच्या प्लस-मायनसवर ४७० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलायटिक, १६ व्होल्टचा चालेल. पट्टा मायनसला, हे तुम्हाला सांगायला नको.

निपाणीच्या_बाई:
नमस्कार. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, प्रदर्शनाच्या गाड्या दर वर्षी हाताखालून जातात. लिथियम सेल सुचवलेत म्हणून मध्ये बोलते.

१८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, एवढंच. आत काय आहे ते आकड्यावरून कळत नाही. ऑनलाइन ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले सेल स्वस्तात दिसतात, ते घेऊ नका. या मापात चांगल्या कंपनीचा सेलसुद्धा साडेतीन हजारांच्या आसपास असतो, त्यामुळं ९९०० छापणाऱ्यानं बाकी काय काय खोटं सांगितलं असेल ते तुम्हीच ओळखा. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले तर मुलांच्या हातात मुळीच नको. शॉर्ट झाला तर हा सेल पेट घेऊ शकतो, चौकोनी बॅटरीसारखा नुसता गरम होऊन गप्प बसत नाही.

प्रोटेक्शन सर्किट असलेले घ्या, दोन सेलचा होल्डर घ्या, मध्ये स्विच टाका. सेल होल्डरमधून काढून, प्रत्येकी ४.२ व्होल्टला थांबणाऱ्या चार्जरमध्ये चार्ज करा. टीपी४०५६ ची जी निळी पट्टी मिळते ती एकाच सेलसाठी असते, दोन ओळीनं जोडलेल्यांवर लावायची नाही. आणि दोन्ही मिळून ७ व्होल्टच्या खाली आले की गाडी थांबवा. सेल टिकतील, शिवाय एल२९८एनवरच्या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरलाही जवळपास तेवढे लागतातच.

एवढी राखण जमणार नसेल तर सहा चार्जेबल पेन्सिल सेल लावा, १.२ प्रमाणे ७.२ व्होल्ट होतात. वजन वाढतं, रेग्युलेटर काठावर राहतो, पण घरात झोप लागते. मी सातवीच्या खालच्या मुलांना हेच देते.

मलप्रभाकाठ:
सर्वांचे आभार. १८६५० चे प्रोटेक्शनवाले दोन घेतले, चार्जर दुकानात माझ्या नजरेसमोर राहील असं ठरवलं. कपॅसिटर लावले. पिनांची अदलाबदल भाचीनं केली. रिसेट बंद! गाडी सुटताना बॅटरीवर ८.१ चे ७.९ होतात, बस्स. वेगाचा आकडाही आता ऐकते. उजवी मोटर जरा जोरकस आहे, तिला १५० आणि डावीला १६५ दिलं की सरळ जाते.

ड्रायव्हर गरम होतो, दादांचं बरोबर आहे. चालवून घेतो.

आता नवीन भानगड. घराच्या सोप्यात गाडी शहाण्यासारखी वागते. भिंत आली की वीस सेंटिमीटरवर थांबते, इकडंतिकडं बघते, वळते. काल शाळेच्या हॉलमध्ये नेली, तर मोकळ्या जागेत, समोर काही नसताना, मध्येच थांबून वळायला लागली. आणि टेबलाला पडदा लावलाय त्यावर मात्र बेधडक जाऊन आदळते. उलटंच झालं की हे. सेन्सर गेला म्हणावा तर घरी आणल्यावर परत ठीक. भाचीनं सेन्सरची वेळ मोजणाऱ्या पल्स-इन या आज्ञेला २०,००० मायक्रोसेकंदांची मर्यादा घातली आहे, प्रोग्राम अडकून पडू नये म्हणून.

ईसी_बॅकबेंच:
काका, ती मर्यादा राहू द्या, चांगली आहे. पण ती संपेपर्यंत पडसाद परतला नाही तर पल्स-इन शून्य देतं. जाऊन-येऊन प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे २०,००० ला ५८ नं भागलं तर ३४५ सेंटिमीटर. त्यापलीकडचं सगळं तुमच्या गाडीला शून्य अंतरावर दिसतं. आणि प्रोग्राम म्हणतो वीसपेक्षा कमी असेल तर वळ. शून्य वीसपेक्षा कमीच. सोप्यात साडेतीन मीटरच्या आत कुठली ना कुठली भिंत असतेच, हॉलमध्ये नसते.

अट अशी करा: अंतर शून्याहून जास्त असेल आणि वीसहून कमी असेल, तरच वळायचं. शून्य आलं तर रस्ता मोकळा समजून पुढं.

निपाणीच्या_बाई:
पडद्याचं मी सांगते. सेन्सर ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि परत ऐकतो. चुण्यांचा जाड कपडा तो आवाज बराचसा पिऊन टाकतो, उरलेला भलतीकडं फेकतो. तो दुसरीकडं आपटून उशिरा परतला की गाडीला अंतर लांबचं वाटतं, म्हणून ती आदळते. तिरक्या ठेवलेल्या पुठ्ठ्याचंही तसंच, आवाज घसरून बाजूला जातो. वरची सुधारणा केल्यावर पडद्याकडून आलेलं शून्यही मोकळा रस्ता ठरणार, तेव्हा हा दोष प्रोग्रामनं जाणार नाही. प्रदर्शनात टेबलाच्या पडद्यापुढं वीतभर उंचीच्या पुठ्ठ्याची उभी पट्टी लावा, गाडीच्या वाटेवर सगळीकडं. आणि परीक्षक हमखास पाय पुढं घालून बघतात. पातळ साडी किंवा पँट असली तर बहुतेक वेळा चालतं, पण भाचीला आधीच सांगून ठेवा की गाडी बुटावर चढली तर घाबरायचं नाही, कपड्यावर आवाज का परतत नाही ते समजावून सांगायचं. त्या उत्तराला गाडीपेक्षा जास्त मार्क मिळतात.

मलप्रभाकाठ:
अट बदलली, मोकळ्या अंगणात सरळ पळाली. पट्टीला पंपाच्या खोक्याचा पुठ्ठा आहे दुकानात भरपूर. बाई, भाची विचारते, सेन्सर जमिनीपासून किती उंचीवर बसवायचा? आत्ता तो बंपरच्या जागी, अगदी खाली आहे.

निपाणीच्या_बाई:
फार खाली नको, जमिनीवरच्या फरशीच्या सांध्यांवरूनही पडसाद येतो. आवाज साधारण पंधरा अंशांच्या शंकूत पसरतो. सात-आठ सेंटिमीटर वर घ्या, तोंड किंचित वर, आणि पट्टी त्याहून उंच ठेवा.