उन्हाची सवय असते म्हणे!

चांदेकर: चंद्रपुरात दुपारी तीन तास नेट बंद. कस्टमर केअर म्हणे, उन्हात माणूस टॉवरवर चढवत नाही. शेतकरी, गवंडी राबतातच ना? विदर्भातल्या माणसाला उन्हाची सवय असते.

टॉवरवाला_अकोला: राहवलं नाही म्हणून लिहितो. नऊ वर्षं चढतोय. हवामान खात्याचे ४५ अंश सावलीतल्या पेटीतले असतात, भाऊ. वर सावली नाही. लोखंडाला उघडा हात लावता येत नाही. लघवीला उतरावं लागू नये म्हणून पोरं पाणीच पीत नाहीत. गवंड्याला भोवळ आली तर तो खाली बसतो, आमचा माणूस बेल्टला लटकतो. गेल्या मे महिन्यात जोडीदाराला वर विचारलं, "हुक लावला का?" तर तो गावच्या बैलांचं सांगायला लागला. खाली आणेपर्यंत माझे हात कापत होते.

पनवेलकर: तुमचं ४५, ४५ ऐकून कंटाळा आला. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात पारा ३८ च्या आसपास होता, तरी डझनाहून जास्त माणसं उष्माघातानं दगावली. दमट हवेत घाम वाळतच नाही. मी नेटची फायबर केबल जोडतो. त्या कामाला धूळवारा चालत नाही म्हणून गाडीची दारं बंद करून बसावं लागतं.

वऱ्हाडी: इथं रात्री बारालाही भिंती तापलेल्या असतात. एक मे महिना काढून दाखवा, मग बोला.

पनवेलकर: तुम्ही ऑक्टोबरात पनवेलला या. मुंबईकडचं ऊन कुणी मोजतच नाही!

सिस्टर: भांडण पुरे. सवय लागायला एक-दोन आठवडे लागतात आणि सुट्टीवर गेलं की ती जाते. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका. बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला.

टॉवरवाला_अकोला: मग सवयीचं अर्धं खरं, मान्य. जोडीदार लग्नाची सुट्टी संपवून आला त्याचा तो तिसरा दिवस होता.

चांदेकर: बरं बाबा, १२ ते ४ नका चढू. पण सकाळी का करत नाही? माझ्या दुकानाचे ऑनलाइन पैसे अडकले, ते कोण देणार?

टॉवरवाला_अकोला: बिघाड दुपारीच होतो. लाईट जाते, मशीन तापते. तक्रार आली की घड्याळ सुरू, चार तासांत बंद झाली नाही तर ठेकेदार दंड आमच्या पगारातून कापतो. ते घड्याळ दुपारी थांबवा म्हणून दोनदा लेखी दिलंय. तुमच्याकडे नेट येतं ना, ते त्या दंडाच्या भीतीनं येतं.