हिरे नॉर्थवेस्ट टेरिटोरीजचे, मग पैसा ओटावाला का?

वऱ्हाडी_कॅलगरीत: मंडळी एक शंका आहे, आमच्या कॅनडातल्या अल्बर्टात तेलाची रॉयल्टी (खनिज काढण्याबद्दल कंपन्या सरकारला देतात तो हिस्सा) प्रांतालाच मिळते पण वर नॉर्थवेस्ट टेरिटोरीजमध्ये एवढ्या हिऱ्यांच्या खाणी असून पैसा कित्येक वर्षं ओटावाला, म्हणजे केंद्र सरकारला जायचा म्हणे. ऑफिसात एक यलोनाइफचा (तिथली राजधानी) भिडू आहे तो म्हणतो २०१४ ला हक्क मिळाला पण अर्धाच. म्हणजे नक्की काय मिळालं? आणि आपल्याच जमिनीखालचं मागायला लागतंच का?

नकाशावेडा: कारण नॉर्थवेस्ट टेरिटोरीज हा प्रांत नाही, टेरिटरी आहे. प्रांताचे हक्क राज्यघटनेत लिहिलेत, टेरिटरीला जे असतं ते केंद्राच्या कायद्याने दिलेलं. आणि तुमच्या अल्बर्टालाही लगेच नव्हतं मिळालं बरं का, प्रांत झाला १९०५ ला आणि जमीन-खनिजं हातात आली १९३० ला. शेजारच्या युकॉन टेरिटरीला २००३ मध्ये, नॉर्थवेस्टला १ एप्रिल २०१४ ला. पण तिथली एकाटीची हिऱ्यांची खाण १९९८ लाच सुरू झालेली, म्हणजे ऐन बहरातली सोळा वर्षं गेली की.

हिशोबी_मावशी: अर्धाच म्हणतो ते बरोबरच आहे त्याचं. रॉयल्टीतला ५०% वाटा टेरिटरीला, त्यालाही वर कॅप लावलेली, त्यापुढचं सगळं ओटावाचं. मिळालेल्यातून पुन्हा २५% पर्यंत करारात सही केलेल्या आदिवासी सरकारांना द्यायचं, म्हणजे इन्युवियालुइट, ग्विचिन, साहतू, त्लिचो वगैरे. हा वाटा मला तरी योग्यच वाटतो, जमीन त्यांचीच होती. आता दुसरी बाजू पण बघा, लोकसंख्या चाळीस-पंचेचाळीस हजार आणि बजेटचा मोठा भाग केंद्राच्या ग्रँटवर, आणि या अर्ध्या रॉयल्टीमुळे ती ग्रँट कापली जात नाही, एवढं मात्र भांडून मिळवलं. बाकी रॉयल्टी नफ्यावर असते, खाणवाले आधी आपला खर्च वजा करतात आणि मग उरेल त्यावर, त्यामुळे नवीन खाणीतून सुरुवातीला फारसं काही हाती लागत नाही.

गोठलेला_पुणेकर: पैशापेक्षा निर्णय कोण घेतो ते बघा राव. ज्या बिलाने हे हक्क दिले त्याच बिलात तिथल्याच मॅकेन्झी खोऱ्यातली, जमीन-पाण्याचे परवाने देणारी प्रादेशिक बोर्डं मोडून एकच मोठं बोर्ड करायचं घुसवलेलं. त्लिचो सरकार कोर्टात गेलं, २०१५ ला स्टे मिळाला आणि २०१९ ला कायदाच बदलून बोर्डं कायम ठेवली. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं! हां, यलोनाइफजवळच्या जायंट सोन्याच्या खाणीखाली २ लाख ३७ हजार टन आर्सेनिकची विषारी धूळ पडलीय, ती जबाबदारी मात्र ओटावाकडेच ठेवली, ते शहाणपणाचं केलं.

वऱ्हाडी_कॅलगरीत: बापरे. मग नुनावुतचं, म्हणजे उत्तरेतल्या तिसऱ्या टेरिटरीचं काय?

नकाशावेडा: त्यांचा करार जानेवारी २०२४ ला त्यांच्या राजधानीत, इकालुइतमध्ये झाला, ताबा १ एप्रिल २०२७ ला मिळायचाय.

हिशोबी_मावशी: आणि तुमच्या भिडूला विचारा डायविकची हिऱ्यांची खाण बंद झाल्यावर पुढे काय, स्नॅप लेकची खाण तर २०१५ लाच थांबली, हक्क मिळून दीड-पावणेदोन वर्षंच झाली असतील.