वर आलेले हात मोजले की सहभाग कळतो म्हणे!

तिरपी रेघ:
काल इथे 'सहभाग मोजायची सोपी युक्ती' आली. पस्तीस मिनिटांच्या तासात वर आलेले हात मोजा, पटाने भागा, शंभराने गुणा, आलेख करून भिंतीवर लावा. खाली अंगठ्यांचा पाऊस. म्हणून हे लांबण.

हात मोजले की मुलं नाही, तुमचा प्रश्न मोजला जातो. 'समजलं का?' विचारा, ३२ पैकी ३२ हात वर. 'तीन चतुर्थांश मोठा की पाच अष्टमांश, कशावरून?' विचारा, चार हात. वर्ग तोच, दिवस तोच. एकदा १०० टक्के, एकदा साडेबारा. त्या चारांतले तीन रोजचेच. मोजायचंच असेल तर हात नको, आठवड्यात किती *वेगवेगळी* मुलं बोलली ते मोजा: पटावर नावापुढे एक टिंब, बस्स. आणि प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद गप्प राहा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलंय की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. मुलाचा हात खांद्यापर्यंत येईस्तोवर उत्तर आपणच देऊन मोकळे.

खडूची भुकटी:
ती युक्ती माझीच. अपूर्णांकाचं उदाहरण झकास, पण पर्याय काय? टिंब मारलं म्हणजे बोलणं मोजलं. न बोलता वहीत भागाकार करणारी पोरगी तुमच्याही हिशेबात शून्यच.

तिरपी रेघ:
म्हणून तर २००४ मध्ये फ्रेडरिक्स, ब्लूमेनफेल्ड आणि पॅरिस या संशोधकांनी सहभागाचे वर्तन, भावना आणि विचार असे तीन कप्पे केले. हात वर करणं फक्त पहिल्यात बसतं.

वर्तनच नीट बघायचंय? मग कानात दर १५ सेकंदांनी टुक वाजणारं यंत्र घाला. टुक वाजल्या *क्षणी* ठरवलेलं एक मूल काय करतंय ते लिहा: सक्रिय (लिहिणं, वाचणं, उत्तर देणं) की निष्क्रिय (ऐकणं, फळ्याकडे बघणं). पुढच्या टुकपर्यंत उठणं, गप्पा, शून्यात बघणं यातलं काही झालं तर वेगळी खूण. १५ मिनिटांत ६० खुणा; दर पाचवी शेजारच्या एखाद्या मुलाची, तुलनेसाठी. त्या मुलाच्या उरल्या ४८.

खडूची भुकटी:
वा! आणि त्या १५ मिनिटांत वर्ग कोण घेणार? दोन इयत्ता एका खोलीत, शिक्षक एक. ही पद्धत एकट्या मुलाची अडचण तपासायला बाहेरून आलेल्या निरीक्षकासाठी आहे, हे सांगायचं सोयीस्कर राहिलं. शिवाय ४८ पैकी १० सक्रिय, ३० निष्क्रिय आले तर म्हणाल ८३ टक्के गुंतलेला. फळ्याकडे बघत पतंगाचा विचार करणारा त्या तिसातच बसलाय.

तिरपी रेघ:
बाहेरच्या निरीक्षकाचं मान्य. नाइलाजाने.

शाईचा डाग:
पतंगाचं मुलालाच विचारा की. प्रश्नावली द्या, पण पाच हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची नको, दुसरीतली मुलं टोकाचा चेहराच रंगवतात. तीन पुरेत. 'मला कंटाळा येत नाही' असलं वाक्य तर अजिबात नको. त्यापुढे 'नाही' लिहिलं तर कंटाळा येतो की येत नाही, हे मोठ्यांनाही कळत नाही. वाक्यं मोठ्याने वाचून दाखवा, वर नाव नको, आणि गोळा करायला वर्गशिक्षक नको.

पटावरचा:
इतका खल कशाला? महाराष्ट्रात २०१० पासून सहभाग मोजला जातोच आहे! सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, पहिली-दुसरीला ७० टक्के आकारिक (शिकवता शिकवता होणारं), त्यात दैनंदिन निरीक्षण. 'वर्गकार्यात आवडीने सहभागी होतो.' ही ओळ मोबाइलवर फिरणाऱ्या तयार नोंदींतून उचलून अख्ख्या वर्गाला चिकटवतात. मुलीच्या पानावरही 'होतो'च.

खडूची भुकटी:
झाली का पुन्हा शिक्षकांवर चिखलफेक? ३० मुलं, आठ विषय, दोन सत्रं: ४८० नोंदी. वर पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती.

पटावरचा:
चिखल नव्हे, व्याकरण. 'होते' लिहायला किती वेळ लागतो?

शाईचा डाग:
भांडा, पण मुद्दा सुटतोय. नोंद चुकते कारण ती सत्राच्या शेवटी आठवून लिहिली जाते. रोज चारच मुलं ठरवा, तासात घडलेली एकच गोष्ट लिहा: 'हातच्याचा एक विसरली, स्वतः खोडून दुरुस्त केलं.' ३२ मुलांची फेरी आठ दिवसांत.

पटावरचा:
ही नोंद चालेल. 'विसरली' आहे, 'विसरला' नाही.

खडूची भुकटी:
रोज चार जमतील. पण विचाराचा कप्पा उरलाच.

तिरपी रेघ:
त्याला चिठ्ठी. शेवटची तीन मिनिटं, पाव कागद, प्रश्न एकच: 'आजच्या गणितात कुठे अडलं?' चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे: नेमकी पायरी सांगणारे, 'सगळं अवघड' म्हणणारे, 'काही नाही' लिहिणारे. गुण द्यायचे नाहीत, नाहीतर उद्यापासून सगळ्यांचं 'काही नाही'. तिसऱ्या गठ्ठ्यातल्यांच्या वह्या आधी उघडा. समास कोरा (म्हणजे कच्चं काम नाही) आणि उत्तर बरोबर असेल तर ते शेजाऱ्याचं असण्याची शक्यता दाट.

खडूची भुकटी:
चला, भिंतीवरचा आलेख काढतो. खिळे तेवढे राहू देतो, चिठ्ठ्यांची पिशवी अडकवायला.

पटावरचा:
आणि ४८०चं काय ठरलं? त्यावर कुणी बोललंच नाही.